डोंगरात रायफलला टेकू कोणता? तूर, मोहरी आणि एका केसाचं गणित

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ऐकताना मध्येच नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना आकडे भरभर निघून जातात, ते इथे जरा सावकाश मांडलेत.

आजचा प्रश्न न्यूझीलंडहून आलाय. बीटेकला माझ्यासोबत असलेला एक मित्र काही वर्षं तिकडे नोकरीला आहे. त्याने रीतसर शस्त्र परवाना काढलाय, रेंजवर सराव केलाय आणि आता पहिल्यांदाच डोंगरात ताहरच्या शिकारीला निघालाय. त्याने व्हॉट्सॲपवर चार लिंक टाकल्या: एक बायपॉड, एक कार्बनचा ट्रायपॉड, एक शूटिंग स्टिक्सची जोडी आणि एक छोटी भरलेली पिशवी. खाली एकच ओळ: "यातलं काय घेऊ? सगळं पाठीवर मावणार नाही."

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न जासईच्या सॉफ्टवेअरवाल्याला का? तर मी रायफल चालवत नाही, पण लांब पल्ल्याची लेन्स चालवतो. अटल सेतू चिर्ल्याला उतरतो, त्याच्या शेजारचं आमचं गाव. सुट्टीच्या दिवशी उरणच्या पाणथळ जागा नाहीतर कर्नाळ्याचं जंगल, हा माझा कार्यक्रम. लांबच्या छोट्या गोष्टीवर जड नळी स्थिर धरायची, आणि तीही चढ चढून दम लागलेला असताना, हे कोडं शिकाऱ्याचं आणि फोटोग्राफरचं जवळपास सारखंच आहे. कुठे वेगळं होतं तेही पुढे येईल.

आधी कायद्याचं

आपल्याकडे हा प्रश्न शिकारीसाठी उद्भवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. रात्री टॉर्च लावून ससा मारणं असो की छऱ्याच्या बंदुकीने पाखरू पाडणं, "गंमत म्हणून" ही सबब चालत नाही. त्यामुळे हा भाग ऐकून कुणी माथेरानच्या डोंगराकडे बघू नये.

न्यूझीलंडची गोष्ट वेगळी का, तर ताहर तिथला नाहीच. तो आपल्या हिमालयातला, दाट आयाळीचा रानबोकड. १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या एका कळपातले काही ताहर माउंट कुकच्या परिसरात सोडले गेले. तिथे त्यांना खाणारा बिबट्या नाही की लांडगा नाही. संख्या वाढत गेली आणि उंचावरची तिथली मूळ झाडंझुडपं त्यांच्या पोटात जायला लागली. १९९३ च्या सरकारी आराखड्यात ताहरची संख्या १०,००० च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. म्हणजे जो प्राणी आपल्याकडे कायद्याने जपायचा, तोच तिथे परवाना घेऊन मारला जातो.

पण मारायचाच, तर एका गोळीत. ताहर कड्याकपारीत राहतो. गोळी चुकीच्या जागी लागली तर तो जखमी अवस्थेत अशा घळीत उतरतो, जिथे माणूस पोचू शकत नाही. मग तो तिथे किती तास, किती दिवस तडफडेल ते कुणालाच कळत नाही. टेकूचा प्रश्न खरेदीचा वाटतो, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला हे आहे.

हात किती हलला तर चालतो?

खरेदीच्या आधी आकडा हवा. ताहरचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण २० सेंटिमीटरचं वर्तुळ धरू. तो ३०० मीटरवर उभा आहे. हेच वर्तुळ तुमच्या घरात, १० मीटरवरच्या भिंतीवर आणलं तर किती मोठं दिसेल? साधं त्रैराशिक: २० सेंटिमीटर भागिले ३०. म्हणजे ६.७ मिलिमीटर. तुरीचा एक दाणा.

तोच ताहर २०० मीटरवर असेल तर १० मिलिमीटर, म्हणजे काबुली चणा. ४०० मीटरवर असेल तर ५ मिलिमीटर, म्हणजे मसूर. चणा, तूर, मसूर. अंतर वाढलं की दाणा बारीक होतो, एवढं लक्षात ठेवा.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. आपल्या १० मीटरच्या भिंतीवर आणलं तर २ मिलिमीटर. मोहरीचा दाणा! अंतिम फेरीत त्याच्या ४४ गोळ्या आणि सरासरी दहाच्या किंचित वर. मोहरीच्या दाण्यावर, ४४ वेळा.

आणि गंमत म्हणजे या खेळात टेकू चालत नाही. बायपॉड नाही, ट्रायपॉड नाही, पिशवी नाही. मग ते स्थिर कसे राहतात? हे कळलं की विकतचा टेकू निवडणं निम्मं सोपं होतं.

हाडावर उभं राहा, स्नायूवर नको

थ्री पोझिशन्स म्हणजे गुडघा टेकून, पोटावर झोपून आणि उभं राहून. या खेळाडूंना नीट बघा. गुडघ्यावर बसताना डाव्या हाताचं कोपर डाव्या गुडघ्याच्या भागात टेकवलेलं असतं आणि उजव्या पायाच्या घोट्याखाली एक छोटी गोल लोड असते. झोपून नेम धरताना दोन्ही कोपरं जमिनीवर. या दोन्ही स्थितींत एक पट्टा रायफलच्या पुढच्या भागापासून दंडाला ताणून बांधलेला असतो. उभं राहताना पट्टाही नाही. तेव्हा कंबर पुढे काढून, पाठ मागे झुकवून, कोपर कमरेच्या हाडावर ठेवतात.

तिन्हींत एकच तत्त्व आहे. रायफलचं वजन स्नायूने उचलायचं नाही, ते हाडांवरून जमिनीत उतरवायचं. स्नायू ताणून धरला की थरथरतो, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा, आणि थकला की थरथर वाढते. हाड थकत नाही. पाण्याने भरलेली कळशी हात लांब करून धरून बघा आणि मग कमरेवर घेऊन बघा. आपल्या आज्यांना हे शिकवायला कुणी कोच लागला नव्हता.

दुसरी गोष्ट, जिला नेमबाज शरीराची नैसर्गिक दिशा म्हणतात. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, डोळे उघडा. नेम बाजूला सरकलेला दिसला, तर तुमचे स्नायू त्याला ओढून धरत होते. अशा वेळी हाताने ओढून परत आणायचं नाही. पाय, कंबर, अख्खं शरीर फिरवायचं आणि पुन्हा डोळे मिटून तपासायचं. ही तपासणी फुकट आहे, आणि कुठल्याही महागड्या टेकूवर बसल्यावरसुद्धा करावी लागते.

एक टेकू म्हणजे सी-सॉ

टेकूवर ठेवलेली रायफल म्हणजे एक दांडी. तिला पुढे एकच आधार दिला तर ती त्या बिंदूभोवती फिरू शकते, बागेतल्या सी-सॉसारखी. मागचा दस्ता खांद्यात एक मिलिमीटर हलला तरी नळीची दिशा बदलते. मागेही आधार दिला की हे फिरणं जवळजवळ थांबतं.

म्हणून पहिला नियम: मागचा आधार विसरू नका. लोक पुढच्या बायपॉडवर सगळे पैसे घालतात आणि मागे हवा असते. मागे फार काही लागत नाही. हलके दाणे भरलेली मुठीएवढी पिशवी, गुंडाळलेलं जॅकेट, लोकरीच्या मोज्यांची जोडी, काहीही चालतं. पिशवी मुठीत दाबली की दस्ता वर येतो आणि नळी खाली जाते. सैल सोडली की उलट. बारीक समायोजनाचा स्क्रूच म्हणा ना.

दुसरा नियम: टेकू नळीला लावायचा नाही. गोळी सुटताना नळी कंप पावते. तिला बाहेरून दाब दिला की तो कंप बदलतो आणि गोळी भलतीकडे जाते. आधार नळीखालच्या पुढच्या दांड्याला द्यायचा. तोही थेट दगडावर नको, कारण कडक दगडावरून रायफल उसळते. मध्ये टोपी, जॅकेट, काहीतरी मऊ हवं.

चार पर्याय, एकेक करून

बायपॉड. रायफलच्या पुढे कायमचे जोडलेले दोन आखूड पाय. वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम. सपाट, मोकळ्या जागी झोपून नेम धरायला याच्यासारखं दुसरं काही नाही आणि उघडायला दोन सेकंद पुरतात. कल्पना नवी नाही. तिबेटी शिकारी आपल्या तोड्याच्या बंदुकीला हरणाच्या शिंगांचे दोन पाय जोडायचे, बिजागरीवर दुमडणारे. पण ते उघडं, बोडकं पठार होतं. जिथे गवत गुडघाभर आहे तिथे आखूड बायपॉडवर झोपलात तर समोर फक्त गवत दिसतं. चढाच्या दिशेने नेम धरायचा तर पुढचा भाग पुरेसा उंच होत नाही. शिवाय बायपॉड वापरा नाहीतर नका वापरू, त्याचं वजन दिवसभर रायफलच्या टोकाला लोंबतं.

ट्रायपॉड. बसून, उभं राहून, कुठल्याही उंचीवर चालतो. कार्बनचा घेतला तरी डोक्यासकट एक ते दोन किलो. याची खरी बाजू वेगळीच आहे. डोंगरातला शिकारी दिवसातले बहुतेक तास दुर्बिणीतून समोरचा उतार न्याहाळत असतो, आणि दुर्बीण ट्रायपॉडवर लावली की हातात न दिसणारा प्राणी दिसायला लागतो. ट्रायपॉड त्यासाठी नेणारच असाल तर तोच रायफलचा टेकू होतो. फक्त रायफलसाठी दोन किलो वाहायचे म्हटलं तर महाग पडतो.

शूटिंग स्टिक्स, किंवा दोन ट्रेकिंग पोल. दोन काठ्या वरच्या बाजूला फुलीसारख्या बांधायच्या आणि खाचेत रायफल ठेवायची. बसल्या उंचीला उत्तम. वर-खाली हलणं बऱ्यापैकी थांबतं, पुढे-मागे डोलणं थोडं राहतं. ट्रेकिंग पोल तसेही हातात असतातच, म्हणजे जादा वजन जवळपास शून्य. एका पट्ट्याने बांधायला दहा सेकंद लागतात, पण हे घरी पन्नास वेळा केलेलं असावं लागतं.

पाठीवरची सॅक. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित टेकू. आडवी टाकली तर झोपून, उभी केली तर बसून नेम धरता येतो. मऊ असल्यामुळे रायफल तिच्यात रुतून बसते. अट एकच: सॅक भरलेली हवी आणि वरच्या भागात मऊ सामान हवं. पातेलं वर ठेवलं असेल तर टेकू डगमगणारच.

मग घ्यायचं काय?

इथे बहुतेक जण उलटी सुरुवात करतात. आधी वस्तू आवडते, मग तिच्यासाठी जागा शोधतात. योग्य क्रम असा: आधी जमीन, मग शरीराची स्थिती, शेवटी टेकू.

मित्राला तीन प्रश्न विचारले. पहिला, जमीन कशी आहे? तो म्हणाला, तीव्र उतार, दाट झुबक्यांचं उंच गवत आणि मध्येमध्ये काटेरी पातीची झुडपं. दुसरा, अशा ठिकाणी झोपता येईल? "झोपलो तर काटे पोटात आणि समोर गवत." म्हणजे बसूनच नेम धरायचा. तिसरा, ताहर किती वेळ उभा राहील? कधी पाच मिनिटं, कधी वीस सेकंद.

उत्तर आपोआप आलं. बसल्या उंचीचा टेकू, वीस सेकंदात लागणारा: पुढे ट्रेकिंग पोलची जोडी, मागे म्हणजे दस्त्याखाली, मांडीवर सरळ उभी केलेली भरलेली सॅक. झोपायला जागा मिळालीच तर सॅक पुढे आणि मुठीएवढी पिशवी मागे. चार लिंकपैकी फक्त ती पिशवी विकत घ्यायची. ट्रायपॉड दुर्बिणीसाठी दोघांत मिळून एक.

त्याचा पुढचा मेसेज: "एवढ्या टेकूवर मी ४०० मीटर मारू शकेन ना?" इथेच टेकू धोका देतो. टेकू हात स्थिर करतो. वारा, अंतराचा अंदाज, प्राण्याने टाकलेलं एक पाऊल, यातलं काहीच तो स्थिर करत नाही. रेंजवर सपाट बाकावरून मसूर जमतो म्हणून उतारावर, धाप लागलेली असताना मसूर जमेलच असं नाही. टेकू जवळच्या गोळीला खात्रीची करण्यासाठी आहे, अंतर वाढवण्यासाठी नाही. दाणा भिंगात स्थिर दिसत नसेल तर जवळ जायचं. जवळ जाता येत नसेल तर बोट ट्रिगरवरून काढायचं आणि परत फिरायचं. सॅकमधलं सगळ्यात हलकं सामान म्हणजे न झाडलेली गोळी.

घरी करायची चाचणी

ही सगळ्यांसाठी, मोबाइलवाल्यांसाठीही. भिंतीवर पेन्सिलने तुरीच्या दाण्याएवढं वर्तुळ काढा आणि १० मीटर मागे जा. फोनचा झूम वाढवा, व्हिडिओ सुरू करा आणि वर्तुळ मध्यभागी धरा. आधी हातात, मग खुर्चीच्या पाठीवर, मग सॅकवर, मग मागे उशी लावून. प्रत्येकी वीस सेकंद. आता जिन्याचे चार मजले चढून या आणि लगेच पुन्हा करा. व्हिडिओ शेजारी ठेवून बघितले की कुठला टेकू तुमच्यासाठी काम करतो ते दुकानदाराला विचारावं लागत नाही. मित्राने हेच रायफलच्या दुर्बिणीतून केलं. रायफल रिकामी, बोल्ट काढून शेजारी ठेवलेला.

आणि आपल्या सह्याद्रीत?

आता वेगळेपणाची गोष्ट. रायफलला गोळी सुटण्याच्या क्षणी नळी योग्य जागी हवी. कॅमेऱ्याला चौकट इंचभर सरकली तरी चालतं, पण शटर उघडं असताना लेन्सचा वेग शून्याजवळ हवा. ६०० मिलिमीटरची लेन्स आणि साधारण ४ मायक्रॉनचा पिक्सेल धरला, तर एका पिक्सेलची जागा १० मीटरवर सुमारे ०.०७ मिलिमीटर येते. तूर नाही, मोहरी नाही, एक केस! सुदैवाने तेवढं स्थिर फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं राहायचं असतं. म्हणून शिकाऱ्याला टेकू आणि धीर लागतो, तर आपल्याला टेकू आणि वेगवान शटर.

बाकी क्रम तोच: जमीन, स्थिती, टेकू. कर्नाळ्याच्या झाडीत पक्षी डोक्यावर असतो, पायवाट अरुंद आणि चढाची. तिथे ट्रायपॉडचे पाय पसरेपर्यंत पाखरू गेलेलं असतं. एकपायी मोनोपॉड, किंवा झाडाच्या खोडाला टेकून कोपर छातीशी, हे पुरतं. उरणकडे खाडीच्या बांधावर जागा मोकळी, पक्षी लांब चिखलात आणि वेळ भरपूर. तिथे ट्रायपॉड, किंवा बांधावर ठेवलेली धान्याची पिशवी. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवा आणि चेन लावा. रिकामीच न्या, तिकडे पोचल्यावर किलोभर तांदूळ भरा आणि परतताना त्याच तांदळाचा भात करा. फोनवाल्यांनी फोन दगडावर किंवा सॅकवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बोट लागून हलत नाही.

इथे जवळ जायचा पर्याय मात्र आपल्याला नाही. हिवाळ्यात आपल्या चिखलात उतरणारे छोटे किनारपक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि परतीसाठी चरबी साठवत असतात. आपण चार पावलं पुढे टाकली की अख्खा थवा उडतो, आणि त्या प्रत्येक उडण्याला त्यांनी खाल्लेलं खर्ची पडतं. शिकाऱ्याचा नियम आहे, स्थिर नसाल तर जवळ जा. आपला नियम, जवळ जायचं नाही, म्हणून स्थिर राहा. बांधावर टेकवलेल्या तांदळाच्या पिशवीमुळे पायांचा रंग आणि चोचीचा बाक लांबूनच स्पष्ट आला, तर पक्षी ओळखता येतो, त्याची नोंद करता येते आणि थवा खातच राहतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ: भिंत, पेन्सिल, तुरीचा दाणा आणि चार मजले. कुणाचा कुठला टेकू जिंकला ते व्हॉइस नोटने कळवा, आणि घरातली सगळ्यात विचित्र वस्तू टेकू म्हणून चालली असेल तर तिचा फोटोही पाठवा. पुढच्या भागात भेटूच.